आठव्या दिवसाचं अंडं

"मग ऑपरेशन रद्द करायला काय हरकत आहे, सर?"

डॉक्टर ऋजुता केळुसकरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. मुकादम सर उत्तर द्यायचं सोडून कोंबड्यांच्या खुराड्यावर गोणपाट टाकत बसले होते. चाळीस वर्षं औषधांच्या चाचण्या तपासलेला माणूस. आता दापोलीजवळ कोंबड्या पाळायचा, आणि कुणी भेटायला आलं तर त्यालाही कामाला लावायचा.

ऋजुताच्या थोरल्या भावाची हृदयाची झडप आवळत चालली होती. बारा तारखेला ऑपरेशन ठरलेलं. आणि त्याच दुखण्यावरच्या नव्या गोळीची चाचणी ऋजुता स्वतः चालवत होती. भाऊ ऑपरेशनला घाबरत होता. खरं सांगायचं तर त्याच्याहून जास्त तीच घाबरत होती.

"चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीनं अर्ध्या वाटेवर आकडे उघडून पाहिले," ती म्हणाली. "आशा नसती तर तिथंच बंद करायला लावलं असतं. काल पत्र आलं... चालू ठेवा. म्हणजे गोळी लागू पडतेय. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"आकडे तू पाहिलेस?"

"मला कसे दाखवतील? नियमच आहे तसा."

बाई हुशार, पण गत मात्र उतावळ्या नवऱ्याची, गुडघ्याला बाशिंग.

सरांनी अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीखालून एक अंडं काढलं आणि गोणपाटाच्या अंधारात बॅटरीवर धरलं. आरपार उजेड.

"आठवा दिवस. हे रिकामं." ते त्यांनी बाजूला ठेवलं.

दुसरं धरलं. आत बारीक लाल शिरा, मधे काळा ठिपका.

"यात जीव आहे," ऋजुता म्हणाली.

सरांनी ते अंडं तिच्या ओंजळीत दिलं.

"घेऊन जा. रात्री दादाला कोंबडीचा रस्सा कर."

"सर... हे अजून अंडं आहे."

"रिकामं नाही ना पण? तूच पाहिलंस."

"रिकामं नाही, एवढंच दिसलं. पुढं पिल्लू निघेलच, असं कुठं..."



अंडं कोमट होतं. तिनं वाकून ते परत कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं. कोंबडीनं हातावर एक चोच मारलीच.

सरांनी बॅटरी बंद केली.

"बारा तारखेला दादाला किती वाजता न्यायचंय?"