नायलॉनची शाल

"मग माझ्या बोटातून ठिणगी पडते ती कसली, बाबा?"

शिष्य म्हणून अच्युतच्या आवाजात नम्रता होती, पण ती तोंडदेखली. उत्तर त्याला पाठ होतं: सिद्धीची. बाबांच्या तोंडून एकदा वदवून घेतलं, की जिवाचा घोर मिटणार होता.

रखमाजीबाबा इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडत होते. मूळचे परीट. मठाचे गुरू झाले तरी इस्त्री सुटली नाही. लोक हसायचे. हसोत बापडे.

पौषातला कोरडा वारा सुटला होता, ओठ फुटत होते. अच्युतच्या अंगात लोकरी स्वेटर, वर भक्तांनी पांघरलेली नायलॉनची शाल, पायात रबरी चपला. आठ दिवस झाले, कुणाच्या कपाळाला बोट लावलं की टक्‌ करून ठिणगी उडायची. पहिल्यांदा तो स्वतःच दचकला होता. मग लोक पाया पडू लागले आणि याचं दचकणं थांबलं.

पण काल शेवंताबाईनं घोळ केला. तिच्या लेकीला फेफरं यायचं. अच्युतमहाराजांचा हात लागला, आता डॉक्टरच्या गोळ्या बंद केल्या, असं ती कौतुकानं सांगून गेली. तेव्हापासून त्या गोळ्या अच्युतच्या डोक्यातून जात नव्हत्या. आज ती पुन्हा लेकीला घेऊन बाहेर पायरीवर बसली होती.

"बंद कर म्हणून तू सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"चालू ठेव म्हणून?"

अच्युतनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं.

बाबा उठले. त्यांनी शाल मागून घेतली. ती स्वेटरला अशी चिकटली होती, की ओढताना चटचट वाजली. बाबांनी अच्युतच्या चपलांत पाय सारले, शाल आपल्या कांबळ्यावर चांगली खसखसा घासली आणि बोट त्याच्या नाकाच्या शेंड्याला लावलं.

टक्‌.

अच्युत कळवळला. नाकापेक्षा आत कुठंतरी जास्त लागलं होतं.

मग बाबांनी तांब्यात तळवा बुडवला, झटकला आणि शालीवरून उलटसुलट फिरवला. बायकांच्या नायलॉनच्या साड्या पायांना चिकटू नयेत म्हणून उभा जन्म त्यांनी असाच ओला हात फिरवला होता. शाल मऊ होऊन खाली लोंबली. बाबांनी चपला काढल्या, अनवाणी उभे राहिले, शाल तशीच घासली आणि पुन्हा नाकाला बोट लावलं.

काही नाही.

"महाराज, येऊ का आत?" बाहेरून शेवंताबाईचा आवाज आला. "पोर सकाळपासनं एकटक बघत बसलीय."

आठ दिवसांचं महाराजपण एका बाजूला आणि ती पोर दुसऱ्या बाजूला. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

बाबांनी तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

"हात बुडव. चपला राहू देत इथंच. ओला हात पोरीच्या डोक्यावर ठेव."

अच्युतनं बोटं बुडवली. पाणी बर्फासारखं गार होतं. दारापर्यंत गेला आणि तिथंच थबकला...

"ठिणगी पडली नाही, तर ती बाई काय म्हणेल, बाबा?"

बाबांनी इस्त्रीसाठी पुढचं धोतर ओढून घेतलं.

"म्हणंल, चल गं बाय, गोळीची वेळ टळून चाललीय."