मांडीवरचा आकडा

“...मग सुईनं रक्तदाब उतरतो, एवढं तरी मान्य कराल की नाही, भंतेजी?”

पशुवैद्य सुहृद गोवर्धने तावातावानं बोलत होता. अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचायला त्याला भंतेंनीच शिकवलं होतं आणि परिषदेत वाचायच्या निबंधाला त्याला त्यांचाच होकार हवा होता. विहारातली म्हातारी कुत्री शेवंती हा त्याचा एकुलता एक पुरावा. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यानं महिन्यापूर्वी कुणाला न विचारता बंद करून टाकल्या होत्या.

“दोनशे दहावरून दीडशे! दर खेपेला!”

“पहिला आकडा कुठे घेतोस?”

“दवाखान्यात, टेबलावर. दोघं जण दाबून धरतात तिला.”

“आणि दुसरा?”

“सुया टोचल्यावर... इथं, तुमच्या मांडीवर. दुसरीकडे ती टोचून घेते कुठे!”

भंतेंनी शेवंतीला मांडीवर घेतलं आणि तिच्या कानामागे खाजवत बसले. तिचं अंग सैलावल्यावर म्हणाले, “आज सुई राहू दे. नुसतं मोज.”

सुहृदनं हसत हसत तिच्या पायाला रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळला.

एकशे अठ्ठेचाळीस.

त्यानं पुन्हा मोजला. दीडशे. एवढा शिकलेला माणूस, पण टेबल आणि मांडी यांतला फरक त्याच्या वहीत कुठेच नव्हता.

“म्हणजे मांडीवरून उतरली की...”

“चढत असेल. महिनाभर.”

“पण ती सुधारलीय, भंतेजी! मला बघून पूर्वीसारखी गुरगुरतसुद्धा नाही.”

भंतेंनी तिच्या डोळ्यांसमोर हात धरला. डावीकडे नेला, उजवीकडे नेला...

शेवंतीची बुबुळं हलली नाहीत.

वाढलेल्या रक्तदाबानं अशी नजर जाते, हे सुहृदला पाठ होतं. परीक्षेत त्यानं ते लिहिलंही होतं. त्याला स्वतःची किळस आली.

“कधीपासून?”

“आठ दिवस झाले. दाराला धडकते.”

“मला कळवलं का नाही?”

“दोनदा निरोप धाडला. तू निबंध लिहीत होतास.”

सुहृदनं पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. “आजपासून पुन्हा सुरू करतो,” असं म्हणत तो तिचं तोंड उघडायला पुढे झाला. बोटं लागताच शेवंती दचकून केकाटली आणि भंतेंच्या अंगावरच्या चीवरात शिरली.

“कर सुरू,” भंते म्हणाले. “पण हात लावण्याआधी हाक मारत जा. तू आलेला तिला आता दिसत नाहीस.”