साळोबाचं नाक

समुद्रकाठी एक बालवाडी होती. अंगणात सुरूचं उंच झाड होतं. झाडाखाली खरखरीत बोंडं पडायची. टप्. टप्.

केतकीनं एक बोंड उचललं. त्याला चार काड्यांचे पाय लावले. मोहरीचे दोन डोळे लावले. मिरीचं नाक लावलं. झाला साळिंदरासारखा साळोबा!

डिंक संपला होता. म्हणून केतकीनं नाक चिकटवलं कालच्या भाताच्या शितानं.

तेवढ्यात कोंबडी आली. पक पक पक! शीत दिसलं. शीत खाल्लं. नाक पडलं. टुप्!

"अगं, माझं नाक!" साळोबा ओरडला.

"मी नाही खाल्लं तुझं नाक. तिखट असतं ते!" कोंबडी म्हणाली आणि गेली.

साळोबानं नाक उचललं. पाठीवरच्या खवल्यात खोचलं. निघाला नवं शीत आणायला. टकटक टकटक.

चुलीवर भाताचं पातेलं होतं.

"भाता भाता, शीज ना! माझं नाक लागेना!"

भात म्हणाला, "मी नाही शिजत. गार पाण्यात बसलोय. आधी चूल पेटू दे."

साळोबा चुलीकडे वळला. टकटक टकटक.

"चूलबाई चूलबाई, पेट ना! भात शिजेना, माझं नाक लागेना!"

चूल म्हणाली, "मी नाही पेटत. निखारा आहे, पण काड्या कुठायत? आधी सुरू हलू दे."

साळोबा सुरूकडे गेला. टकटक टकटक.

"सुरूदादा सुरूदादा, हल ना! चूल पेटेना, भात शिजेना, माझं नाक लागेना!"

सुरू म्हणाला, "मी नाही हलत. आपला आपण कोणी हलतो का? आधी वारा येऊ दे."

साळोबा वाळूत गेला. टकटक टकटक. वारा वाळूवर लोळत होता.

"वाऱ्या वाऱ्या, ये ना! सुरू हलेना, चूल पेटेना, भात शिजेना, माझं नाक लागेना!"

वारा म्हणाला, "मी नाही येत. अंगणात सगळं कसं चिडीचूप! आधी केतकी हसू दे."

साळोबा केतकीकडे आला. टकटक टकटक. केतकी पायरीवर बसली होती. तोंड गुडघ्यात.

"केतकी केतकी, हस ना! वारा येईना, सुरू हलेना, चूल पेटेना, भात शिजेना, माझं नाक लागेना!"

केतकी म्हणाली, "मी नाही हसत. मला भूक लागलीय. आधी भात शिजू दे."

आता?

साळोबा भाताकडे बघतो. भात चुलीकडे बघतो. चूल सुरूकडे बघते. सुरू वाऱ्याकडे बघतो. वारा केतकीकडे बघतो. आणि केतकी बघते भाताकडे!

साळोबा गरगर फिरला. मटकन बसला. पुन्हा म्हणाला, अगदी हळू:

"केतकी हसेना, वारा येईना, सुरू हलेना, चूल पेटेना, भात शिजेना, माझं नाक लागेना."

केतकीनं मान वर केली.

"अरे, नाक कुठाय तुझं?"

"पाठीवर!"

"पाठीवर? मग शिंक आली तर?"

"तर पाठच शिंकेल!"

केतकी हसली. खुदुखुदु, खुदुखुदु, खो खो खो!

केतकी हसली, वारा आला. सूं सूं सूं!

वारा आला, सुरू हलला. डुलूडुलू!

सुरू हलला, काड्या पडल्या. वाऱ्यानं चुलीत लोटल्या. भुर्रर्र!

चूल पेटली. फड फड फड!

भात शिजला. रट रट रट!

बालवाडीच्या शेवंतीमावशी धावत आल्या. "अगं बायो, किती वेळची भुकेली तू! ये, आधी जेव."

"आधी नाक, मावशी."

केतकीनं पहिलं शीत उचललं. फू फू करून निववलं. साळोबाच्या तोंडावर लावलं. वर मिरी ठेवली. बोटानं दाबली.

एक... दोन... तीन... चिकटलं!

"कसला वास येतोय रे?" केतकीनं विचारलं.

साळोबानं नाक वर केलं. हुंग हुंग, हुंग हुंग.

"गरमगरम भाताचा," तो म्हणाला. "केतकी, आता तू जेव."