दारातली चौकशी

वसईकडच्या एका गावात कार्मेलीनबाय एकट्याच राहायच्या. नवरा गेल्यापासून त्यांच्या घरी वर्षातून एकदाच माणसं यायची, ती नाताळची गाणी म्हणणारी मंडळी.

यंदा मंडळींच्या आधी त्यांचे अध्यक्ष रुमाव सर आले. चार पुस्तकं वाचल्यापासून ते गावभर सणांची मुळं उकरत फिरत होते. दारातूनच त्यांनी सुरू केलं, "हे नाताळचं झाड कुठून आलं? मूर्तिपूजकांकडून. हे आंब्याचं तोरण कुणाचं? हिंदूंचं. अहो, पंचवीस तारीखसुद्धा मुळात सूर्यपूजकांची!" तारखेचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही, पण बाकीचं काढलं नाहीत तर मंडळी या घरी गाणार नाहीत, असं बजावलं.

कार्मेलीनबाय म्हणाल्या, "सर, त्या रात्री बेथलेहेमात मरियेलाही दारोदार हेच विचारलं असणार. कुठून आलात, कुणाचे? म्हणून तर बाळ गोठ्यात जन्मलं. माझ्या दारात जे येतं, त्याला मी आत घेते. तुम्हीही या. तुमच्या घरी तरी कोण आहे जेवायला?"

सरांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.