उत्पलेची भीती

पूर्वी शूर्पारक नगरात एक धर्मशील राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कुंभाराच्या कुळात जन्मले होते. त्यांचा एकुलता एक मुलगा तिष्य व्यापाऱ्यांच्या गलबतावर खलाशी होता. तो समुद्रावर गेला, की त्याची बायको उत्पला हिच्या जिवाला घोर लागे. जरा वारा सुटला, की तिला गलबत बुडताना दिसे. चुलीपुढून ती दचकून उठे आणि सासऱ्यांना विचारी, "मामंजी, ते परत येतील ना?"

"मला ठाऊक नाही, बाळ," बोधिसत्त्व म्हणत. "आत्ता तरी नुसता वारा सुटलाय."

एका वर्षी गलबत खरोखरच बुडाले. तिष्य परत आला नाही.

उत्पलेने अन्न सोडले. हिनेच रोज अभद्र चिंतून नवऱ्याला गिळले, असे शेजारणी कुजबुजू लागल्या. बोधिसत्त्वांचा धाकटा भाऊ तर उघडच म्हणाला, "दादा, हिला माहेरी धाड. हिचं तोंडसुद्धा बघू नकोस."

पोटचा मुलगा गमावलेल्या बापाला कोणावर तरी राग काढणे सोपे होते. पण बोधिसत्त्व उठले आणि उत्पलेजवळ जाऊन बसले.

भिंतीकडे पाहत ती म्हणाली, "लोक खरं बोलतात, मामंजी. माझ्या मनात आलं, म्हणून ते घडलं."

"हे मनात कधीपासून येत होतं?"

"लग्न झालं तेव्हापासून."

"मग इतकी वर्षं तो घरी कसा येत राहिला? विचारानं माणूस बुडत असता, तर तो पहिल्याच खेपेला गेला असता. त्याला समुद्रानं नेलं, मुली."

तेव्हा कुठे उत्पलेला रडू फुटले. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "तुम्हाला नाही का येत असे विचार?"

"येतात. माती भिजवायला पाण्यात हात घातला, की तो बुडताना दिसतो. दिसू देतो. मग हाताखालच्या मातीकडे बघतो."

"आणि तो विचार जातो?"

"जातो. पुन्हा येतो." म्हाताऱ्याने चुलीत लाकूड सारले. "तू जेव. मला एकट्याला घास उतरत नाही."

उत्पलेने उठून पेज रांधली. दोघे सोबत जेवली. भाऊ रागावून त्या घरी यायचा थांबला. बोधिसत्त्वांनी तेही सोसले. पुढे उत्पला सासऱ्यांसोबत माती मळू लागली. काही दिवस बरे जात, काही जात नसत.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची उत्पला म्हणजे भीतीने ध्यानातून दचकून उठणारी ही भिक्षुणी वसुला. तिष्य म्हणजे तिचा नुकताच वारलेला भाऊ. आणि तो म्हातारा कुंभार मीच होतो."

दोष द्यायला माणूस समोर असताना ज्याने तो दिला नाही, त्याची ती करुणा होती.