गेणू सासरच्यांबरोबर धरणावर जातो

धरणाच्या पल्याड भोरसडे नावाचं गाव होतं आणि त्या गावात गेणू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. तो सांगितलेलं ऐकायचा. तसे ऐकणारे पुष्कळ असतात. पण हा सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तस्संच ऐकायचा, आणि तिथेच सगळं बिघडायचं.

एकदा घरी पाहुणे आले. गेणूची बायको द्वारका त्यांना म्हणाली, घर आपलंच समजा. गेणूने लगेच किल्ली पाहुण्यांच्या हातात दिली आणि द्वारकेला घेऊन देवळात झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी द्वारका माहेरी गेली. ती संक्रांतीला गेली आणि वैशाख आला तरी तिकडेच.

वैशाखात धरणाचं पाणी उतरतं आणि अल्याडच्या काठाला लांबच लांब वाळू उघडी पडते. मग आसपासची माणसं भाकरी बांधून येतात, दिवसभर डुंबतात आणि ऊन उतरलं की घरी जातात. सासऱ्यांनी गेणूला निरोप धाडला, की रविवारी आम्ही सगळे वाळूवर येतोय, तुम्हीही या. दिवस धड गेला, तर संध्याकाळी द्वारकेला तुमच्याबरोबर पाठवतो. नाही गेला, तर विषय संपला.

गेणूला द्वारकेवाचून अजिबात करमत नव्हतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं. आईने त्याच्या हातात एक कलिंगड दिलं आणि बजावलं, की सासरे शिकवतील ते नीट शिकून घे.

गेणू होडीने अल्याड आला. सासरची मंडळी बैलगाडीने आली होती. बैल सोडून बाभळीखाली बांधले होते. सासरे म्हणाले, कलिंगड जरा पाण्यात ठेवा, गार होईल. गेणूने ठेवलं. कलिंगड तरंगत तरंगत धरणाच्या मधोमध गेलं. गेणू बघत उभा राहिला.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "पाण्यात काही ठेवलं की त्याला दोरी बांधायची आणि दोरी काठावरच्या खुंट्याला."

हे गेणूच्या डोक्यात पक्कं बसलं. थोड्या वेळाने सासरे काठाशी वीतभर पाण्यात आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. गेणूने खुंटा ठोकला, गाडीतली दोरी आणली, एक टोक खुंट्याला आणि दुसरं सासऱ्यांच्या पायाला बांधलं. जाग आल्यावर सासरे पोहायला आत निघाले. दहा पावलं गेले आणि तोंडावर पडले. अख्खी वाळू हसली. द्वारकाही हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली.

नाकातलं पाणी काढून झाल्यावर सासऱ्यांनी सांगितलं, की माणसाला बांधायचं नसतं. माणूस पाण्यात गेला की काठावर बसून त्याच्यावर नजर ठेवायची, इकडेतिकडे बघायचं नाही.

मग द्वारका पाय भिजवायला पाण्यात गेली. गेणू तिच्यावर नजर ठेवून बसला. हे काम त्याला फार आवडलं. त्याच्या मागे दोन कुत्र्यांनी फडकं सोडलं, भाकरी खाल्ल्या, पिठलं चाटलं, ठेचा तेवढा ठेवला.

"अहो, तुमच्या पाठीमागं कुत्री जेवली," सासूबाई म्हणाल्या.

"मी पाठीमागं बघत नव्हतो, मामी."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, जनावर जवळ आलं की काठी घ्यायची आणि पार लांब हाकलून यायचं.

दुपारी सासऱ्यांनी बैल पाणी पाजायला सोडले. ते गेणूच्या जवळून निघाले. गेणूने काठी घेतली आणि त्यांना पार डांबरी रस्त्यापलीकडे हाकलून आला. आता मात्र सासरे तापले. आपले बैल होते ते, म्हणाले. लांब गेलेली जनावरं गोळा करून घेऊन या.

गेणू तासाभराने परत आला. दोन्ही बैल आणले, एक म्हैस आणली आणि तीन शेळ्या आणल्या. म्हणाला, तीही लांबच चरत होती. मागोमाग म्हशी-शेळ्यांचा मालक आला आणि त्याने सासऱ्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

"हे बघा," मालक थांबल्यावर सासरे दमून म्हणाले, "दुसऱ्याचं चुकून आपल्याबरोबर आलं, तर ते ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. हात जोडायचे आणि चूक झाली म्हणायचं. एवढं एक तरी लक्षात ठेवा."

गेणूने म्हैस आणि शेळ्या मालकाच्या दारापर्यंत पोचवल्या, हात जोडले, चूक झाली म्हणाला. मालकाने त्याला ताक पाजलं. दिवसभरात धड झालेली ही पहिली गोष्ट.

ऊन उतरलं. सासऱ्यांनी द्वारकेचं गाठोडं परत गाडीत टाकलं. शेवटी द्वारकाच म्हणाली, "बाबा, आज हसले तेवढी मी संक्रांतीपासून हसले नव्हते. मला जायचंय."

पोरीचंच मन आहे म्हटल्यावर सासरे विरघळले. सासूबाईंनी ओटी भरली. सासऱ्यांनी गाठोडं होडीत ठेवलं, गेणूचे दोन्ही हात धरले आणि सगळे बाप म्हणतात तेच म्हणाले, "आमची पोर आहे. जपून न्या."

होडी निघाली. द्वारका शेजारी बसली होती आणि गेणूला फार आनंद झाला होता. मग मधोमध आल्यावर तो विचारात पडला. त्याचा चेहरा उतरत गेला. द्वारकेने विचारलं, काय झालं? त्याने नावाड्याला होडी वळवायला सांगितली.

काठावर सासरे गाडी जुंपत होते. गेणूने द्वारकेला हात धरून जपून उतरवलं. गाठोडं तिच्या शेजारी ठेवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण शिकवलेलं ते शिकवलेलं. त्याने सासऱ्यांना हात जोडले.

"चूक झाली, मामा," गेणू म्हणाला. "तुमची पोर आमच्याबरोबर आली होती."