चोर उजवीकडून आला

"मग मला आनंद का होत नाही, चाचा?"

प्राध्यापक सबनीसांनी हे विचारलं तेव्हा दस्तगीरचाचा तंबूच्या दोरीला गाठ मारत होते. त्यांनी आधी गाठ आवळून घेतली.

सबनीस पुण्याहून मुद्दाम आले होते. जुन्या सिनेमांवर तीन पुस्तकं, शंभरेक भाषणं. चाचांच्या फिरत्या टॉकीजमध्ये या जत्रेत जो कृष्णधवल सिनेमा लागणार होता, तो त्यांनी लॅपटॉपवर एकसष्ट वेळा पाहिला होता. हा आकडा ते कुणी विचारला नाही तरी सांगत.

"कॅमेरा कुठे ठेवलाय, सावली कुठून पडते, सगळं तोंडपाठ आहे मला. पण आठ वर्षं झाली, सिनेमा बघून हसू येत नाही. रडू येत नाही. वर्गात पोरांना म्हणतो, बघा, काय सुंदर आहे... आणि मला स्वतःला काहीच होत नाही. परवा वाटलं, नोकरी सोडावी आणि सिनेमाचं नावच टाकावं."

माणूस जरा जास्तच शहाणा होता, पण दुःख खरं होतं.

चाचांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"मोठ्या पडद्यावर बघायचाय?"

"त्यासाठीच आलो. सातव्या रांगेत मधोमध बसेन म्हणतो. तिथून चित्र सगळ्यात चांगलं दिसतं."

"तिथं न्हाई. तिकडं बसा."

चाचांनी बोट दाखवलं आणि सबनीस बघतच राहिले. तंबूच्या मधोमध पातळ पांढरा पडदा टांगला होता. पुढच्या बाजूला खुर्च्या, तिथे पुरुषमंडळी. मागच्या बाजूला सतरंज्या, तिथे बायका आणि लेकरं. चाचांच्या टॉकीजची ही जुनी रीत. चित्र कापडातून आरपार दिसतं, म्हणून माणसं दोन्हीकडे बसतात. फक्त मागून सगळं उलटं दिसतं.

"अहो, पण तिकडून डावं ते उजवं होईल! विटंबना आहे ही, चाचा!"

"व्हय."

"मग?"

"बसा जावा. राजाक्का, मास्तरांना जरा जागा द्या."

शेंगा फोडत बसलेली साठीची राजाक्का सरकली. "या मास्तर, ऐसपैस बसा." मांडी घालताना सबनीसांचा गुडघा कटकन वाजला आणि पुढची पोरं खिदळली.

खेळ सुरू झाला. घरात एकटी, डोळ्यांनी अधू म्हातारी. बाहेर काळोख. आता सबनीसांना गप्प बसवेना. वर्गात शिकवायची सवय, ती जाते कुठे! ते राजाक्काकडे झुकले.

"नीट बघा हं. आता डावीकडच्या खिडकीतून चोर येईल."

आणि स्वतः डावीकडे टक लावून बसले.

चोर उजवीकडून आला.

आला तोही चांगला दोन पुरुष उंच! सबनीस "आई गं!" म्हणून असे दचकले, की राजाक्काच्या सुपातल्या शेंगा उडाल्या.

"मास्तर, तुमचा चोर वाट चुकला की ओ!"

अख्खी सतरंजी हसली. सबनीसांना आधी राग आला. उलटं दिसणार हे त्यांनीच तर मघाशी सांगितलं होतं, आणि फसले तेच! मग काय झालं कुणास ठाऊक... त्यांच्या पोटातून हसू फुटलं. ते इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

त्यानंतर त्यांनी भविष्य सांगायचं सोडलं. राजाक्काने ओंजळभर शेंगा दिल्या, त्या खात बसले.

पडद्यावर म्हातारी चोराला आपलाच मुलगा समजली आणि त्याला वाढायला बसली.

"मुडदा बशिवला ह्याचा! आंधळीला फसवतोय!" राजाक्का कडाडली.

"खाऊ द्या हो, भुकेला आहे तो," सबनीस म्हणाले.

जेवून उठलेल्या चोराचा हात म्हातारीच्या पेटीकडे गेला, तेव्हा सगळी पोरं ओरडली, "नको, नको!" त्यांत एक आवाज पुण्याचा होता.

खेळ सुटला. सबनीस धावतच चाचांकडे आले. एका पायात चप्पल होती, दुसरी सतरंजीपाशीच राहिली होती.

"चाचा! अहो, तो चोर... ती म्हातारी त्याला मुलगा समजते हो! वाढते त्याला! आणि तो जेवतो, चांगला पोटभर जेवतो, आणि मग पेटीला हात घालतो तर..."

ते हसत होते आणि डोळे वाहत होते.

हाच सिनेमा चाचांनी बेचाळीस वर्षं गावोगाव दाखवला होता. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, सबनीसांना हाताला धरून खाली बसवलं आणि स्वतः समोर मांडी ठोकली. त्यांचे डोळे हे एवढे मोठे झाले होते.

"मग? पुढं काय झालं?"